पहिला ट्रॅक डे: मुंबईच्या रस्त्यावरची गाडी कोणत्या क्रमाने तयार करायची

पाऊस सरला की ऑक्टोबरात असा फोन हमखास येतो. गुरुवार असतो आणि शनिवारी ट्रॅक डे, म्हणजे शर्यतीच्या ट्रॅकवर आपलीच गाडी ठरलेल्या सत्रांत वेगाने चालवायचा दिवस. "जरा सर्व्हिसिंग करून घेतो, अजून काही बघायला हवं का?" विचारल्यावर कळतं की इंजिन रीमॅप झालंय (ताकद वाढवायला त्याचं सॉफ्टवेअर बदललंय), एक्झॉस्ट बदललाय, बॉनेटवर पट्टे आलेत आणि ब्रेक ऑइल मात्र शोरूममधून गाडी निघाली तेव्हाचंच आहे.

कामं बहुतेकांना माहीत असतात. चुकतो तो क्रम. थांबवणारी गोष्ट आधी, मग धरून ठेवणारी, मग पळवणारी. चालवणाऱ्याची तयारी शेवटी असली तरी ती वगळायची नाही. पोलो जीटी असो, जुनी होंडा सिटी व्हीटेक असो, ऑक्टाव्हिया आरएस असो की पोर्शे केमन, क्रम बदलत नाही. बदलतो तो फक्त खर्च.

## टप्पा १. ट्रॅक आणि कागद (दोन महिने आधी)

पहिल्याच वेळी हजार-बाराशे किलोमीटर गाडी हाकत जाऊ नका. पुण्याजवळ नाणोलीला आता ट्रॅक झाला आहे, मुंबईकराने सुरुवात तिथून करावी. नंतर कोइम्बतूरचा २.१ किलोमीटरचा करी स्पीडवे आणि चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा ३.७ किलोमीटरचा ट्रॅक. ग्रेटर नोएडाचा ५.१२५ किलोमीटरचा बुद्ध सर्किट सर्वांत शेवटी. तिथली एक सरळ वाट किलोमीटरहून लांब आहे. तिच्या टोकाला साधी गाडीही अशा वेगाला पोचते, की कंपनीचे ब्रेक पॅड दोन-तीन फेऱ्यांत हात टेकतात.

विम्याची पॉलिसी काढून 'वापराच्या मर्यादा' हे कलम वाचा. आपल्याकडच्या खासगी गाडीच्या पॉलिसीत संघटित शर्यत, पेस मेकिंग, वेगचाचणी आणि रिलायबिलिटी ट्रायल वगळलेल्या असतात. ट्रॅक डे म्हणजे शर्यत नव्हे, हा युक्तिवाद भिंतीला गाडी लागल्यावर करून बघण्यात अर्थ नाही. ट्रॅकवर जे मोडेल ते आपल्या खिशातून, असं धरून चाला. तेवढा धीर नसेल तर आयोजकांची गाडी भाड्याने घ्या.

सावधान: 'सराव' म्हणून रात्री कोस्टल रोडला किंवा पाम बीचला जाऊ नका. सार्वजनिक रस्त्यावर वेगाची चाचणी हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे. शिवाय तिथे शिकलेलं ट्रॅकवर उपयोगी पडत नाही. रस्त्यावर माणूस फक्त सरळ पळायला शिकतो.

## टप्पा २. गाडी खालून बघा (दीड महिना आधी)

मुंबईची गाडी किलोमीटरवर मोजू नये. अंधेरी ते लोअर परळ रोज जाणाऱ्या गाडीच्या दहा हजार किलोमीटरमध्ये इंजिनाचे तास हायवेवाल्या गाडीच्या दुप्पट-तिप्पट भरतात. त्यात चार महिने खड्डे, आणि समुद्राजवळ राहत असाल तर खारी हवा.

गाडी लिफ्टवर चढवा. सोसायटीच्या पार्किंगमध्ये जॅक लावून आडवं पडून हे काम होत नाही, आणि वॉचमन ते होऊही देत नाही. या क्रमाने बघा:

1. लोअर आर्मची (चाकाला गाडीशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याची) रबरी बुश आणि बॉल जॉइंट. पान्याने किंवा पहारीने हलवून बघा. रबर फाटलेलं असेल तर ब्रेक दाबताच गाडी एका बाजूला ओढते. शहरात ते जाणवत नाही, ताशी १४० ला जाणवतं.
2. शॉकअप. बाहेर तेल ओघळलं आहे का?
3. रिमची आतली कड. बाहेरून चकाचक दिसणारी अलॉय आतून वाकलेली असते. चाक फिरवून बघा. नुसतं वाकलेलं सरळ करता येतं. तडा गेला असेल तर रिम बदलायची. वेल्डिंग केलेली रिम ट्रॅकवर नेऊ नका.
4. ब्रेकचे लोखंडी पाइप आणि रबरी होज. गंज, फुगवटा, बारीक चिरा.
5. ड्राइव्ह शाफ्टचे रबरी बूट. आतलं ग्रीस बाहेर उडालंय का?

बदलायचं ते आत्ताच बदला. अलाइनमेंट मात्र अजून करू नका. लोक आधी अलाइनमेंट करतात, मग बुश बदलतात, मग टायर, आणि शेवटी गाडी डावीकडे का जाते म्हणून विचारतात. बुश, रिम, टायर आणि सर्वांत शेवटी अलाइनमेंट.

## टप्पा ३. ब्रेक (तीन आठवडे आधी)

खर्चाला पैसे कमी असतील तर सगळे इथे घाला.

ताशी १६० वरून ८० वर येताना ब्रेकना जी उष्णता गिळावी लागते, ती ८० वरून पूर्ण थांबताना लागणाऱ्या उष्णतेच्या तिप्पट असते. वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते, हे शाळेतलंच गणित. सिग्नलला दिवसभर थांबणारे ब्रेक म्हणूनच ट्रॅकवर अनोळखी वाटतात. तिथे दर अर्ध्या मिनिटाला हीच तिप्पट मात्रा आणि मध्ये गार व्हायला वेळ नाही.

ब्रेक ऑइल. हे ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. मुंबईत जून ते सप्टेंबर हवेत पाणीच असतं. नवं डॉट ४ प्रतीचं ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. त्यात साधारण ३.७ टक्के पाणी शिरलं की हीच किमान मर्यादा १५५ वर येते. डॉट ५.१ साठी हे आकडे २६० आणि १८०. उकळलं की वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल जमिनीला टेकतं.

माझ्या दुसऱ्या ट्रॅक डेला हेच झालं. वर्कशॉपवाल्याने "ऑइल केलंय साहेब" म्हणून सांगितलं होतं. त्याने डबीत वरून भर घातली होती, एवढंच. तिसऱ्या सत्रात वळणाआधी पाय टाकला तो खाली गेला. दोनदा पंप केल्यावर थोडा दाब आला, गिअर उतरवले आणि गाडी मातीत जाऊन थांबली. नुकसान काही झालं नाही, पण तेव्हापासून समोर उभं राहून ऑइल बदलून घेतो.

समोर उभं राहून काय बघायचं:

1. डबा सीलबंद हवा. गेल्या वर्षीचा अर्धा उरलेला डबा फेकून द्यायचा. एक लिटर आणा.
2. डॉट ४ किंवा ५.१ चालतं. डॉट ५ नको. ते सिलिकॉनचं असतं, नाव सारखं असलं तरी यांच्यात मिसळत नाही.
3. चारही चाकांतून जुनं काळपट ऑइल जाऊन नवं, फिकट येईपर्यंत काढायचं. बहुतेक गाड्यांत मास्टर सिलिंडरपासून (पेडल दाबल्यावर ऑइल पुढे ढकलणारा भाग) लांबच्या चाकाने सुरुवात करतात, पण आपल्या गाडीचा क्रम मॅन्युअलमध्ये बघा.
4. जुन्या गाडीत पेडल तळापर्यंत दाबू देऊ नका. मास्टर सिलिंडरचा जो भाग एरवी वापरात नसतो तिथे गंज असतो, त्यावर सील घासून फाटतं. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा.
5. ज्या निपलमधून ऑइल काढतात ते गंजून बसलं असेल तर जोर लावायच्या आधी गंज सोडवणारा स्प्रे मारून रात्रभर ठेवा. तुटलेलं निपल म्हणजे नवा कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग).

पॅड. निम्म्याहून कमी उरलेले पॅड नेऊ नका. पातळ पॅड उष्णता थेट ऑइलकडे पोचवतात. पूर्ण रेसिंगचे पॅडही घेऊ नका. गार असताना ते धरत नाहीत, आणि घरी परतताना सायनच्या ट्रॅफिकमध्ये गाडी पुढच्या रिक्षाला लागेल. रस्ता आणि ट्रॅक दोन्हींसाठी बनवलेले मधले पॅड मिळतात. नवे पॅड डिस्कला 'बसवावे' लागतात: ताशी शंभरवरून तीसपर्यंत आठ-दहा वेळा नेटाने वेग कमी करायचा, पूर्ण थांबायचं नाही, मग काही मिनिटं ब्रेक न वापरता गाडी फिरवून गार करायचे. मुंबईत याला जागा नाही. पहिल्या सत्राच्या सुरुवातीच्या फेऱ्या यासाठीच ठेवा.

तपासा: पेडल मऊ होऊन खाली गेलं तर ऑइल उकळलंय. पेडल कडक आहे पण गाडी थांबत नाही, तर पॅड तापलेत. दुसऱ्या प्रकारात दोन फेऱ्या हळू चालवून काम भागतं. पहिल्यात भागत नाही. गाडी आत आणा आणि चारही चाकांच्या ब्रेक ऑइलमधली हवा काढून घ्या.

## टप्पा ४. टायर (दोन आठवडे आधी)

टायरच्या बाजूवर चार आकडी तारीख असते. २३२२ म्हणजे २०२२ सालचा तेविसावा आठवडा. पाच वर्षांपुढचा टायर नक्षी कितीही असली तरी नको, रबर कडक झालेलं असतं. बाजूला फुगवटा असेल तर तो टायर ट्रॅकवरच काय, रस्त्यावरही नको. आपल्याकडच्या खड्ड्यांनी असे फुगे सर्रास येतात.

हवेबद्दल सर्वांत जास्त गोंधळ होतो. कुणीतरी सांगतं, "ट्रॅकवर हवा कमी करायची," आणि मंडळी गार टायरला २४ पीएसआयवर नेऊन ठेवतात. पहिल्याच वळणात टायर रिमवर दुमडतो आणि कडा सोलून निघतात. नीट पद्धत अशी:

1. सकाळी गार टायरला दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर दिलेली हवा ठेवा. गेज स्वतःचं वापरा, पंपावरच्या गेजवर विसंबू नका.
2. टायरच्या खांद्यावर तीन ठिकाणी पांढऱ्या बूट पॉलिशची रेघ ओढा.
3. चार-पाच फेऱ्यांनंतर आत येताच मोजा. हवा सहा ते आठ पीएसआयने चढलेली असेल.
4. स्टिकरच्या आकड्यावर तीन-चार राहील इतकीच गरम असताना सोडा. चारही टायर एकाच वेळी.
5. रेघ बघा. बाजूच्या छोट्या त्रिकोणापर्यंत पुसली असेल तर ठीक. त्याच्याही खाली गेली असेल तर हवा कमी आहे, दोन पीएसआय वाढवा.

चाकांचे नट किंवा बोल्ट टॉर्क पान्यानेच (ठरवलेल्या जोराने आवळणारा पाना) आवळा. होंडा सिटीला १०८ न्यूटन-मीटर, बहुतेक फोक्सवॅगन-स्कोडांना १२०, ७१८ केमनला १६०. तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये आहे. पंक्चरवाल्याच्या हवेच्या गनने आवळलेला नट एकतर फार घट्ट असतो किंवा एकसारखा नसतो.

## टप्पा ५. इंजिन आणि गिअरबॉक्स

हे लवकर आटोपतं. इंजिन ऑइल नवं, पातळी डिपस्टिकवरच्या दोन खुणांमधल्या वरच्या निम्म्या भागात, पण कमाल रेषेच्या वर नाही. कूलंट नीट मिश्रणाचं, नुसतं पाणी नको. पेट्रोल अर्ध्या टाकीखाली जाऊ देऊ नका. लांब वळणात ते टाकीच्या एका बाजूला सरकतं आणि इंजिन खोकतं. रीमॅप असेल तर ज्या ऑक्टेनवर केला तेच पेट्रोल वाटेत मिळेल का, हे आधी पाहा.

सात गिअरच्या ड्राय क्लच डीएसजीला (फोक्सवॅगन-स्कोडांतला दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) ट्रॅकचा त्रास लोक समजतात तेवढा नसतो. तिचा क्लच तापतो तो रांगेत इंच इंच सरकताना. पिटच्या, म्हणजे ट्रॅकलगत गाड्या थांबायच्या जागेच्या, रांगेत गाडी रांगवू नका. अंतर पडू द्या, मग एकदम पुढे घ्या.

सावधान: ट्रॅक डेच्या आधीच्या तीन दिवसांत गाडीला नवं काहीही लावायचं नाही. लावलेल्या प्रत्येक वस्तूवर निदान दोनशे किलोमीटर साधं चालवून झालेलं असावं.

## टप्पा ६. आदली संध्याकाळ

गाडी रिकामी करा. मॅट, पाण्याच्या बाटल्या, छत्री, सीटखालचं नाणं, गॉगल, डिकीतली स्टेपनी आणि जॅक. घरी जायचंय म्हणून स्टेपनी नेली असेल तर पिटमध्ये उतरवून ठेवा. डॅशबोर्डवरचा गणपती चिकटवलेला असला तरी अलगद काढून बॅगेत ठेवा. चालकाची मॅट पेडलखाली अडकण्यासारखी दुसरी वाईट गोष्ट नाही, ती आधी काढा.

सोबत: हवेचं गेज, टॉर्क पाना, पंप, टॉर्च, सीलबंद ब्रेक ऑइल, अर्धा लिटर इंजिन ऑइल, चाकाला लावायला दोन लाकडी ठोकळे, जाड हातमोजे, ओआरएस. टो हूक (गाडी ओढून न्यायला लावायचा हूक) डिकीतून शोधून एकदा बसवून बघा. काही फोक्सवॅगन-स्कोडा गाड्यांत त्याचे आटे उलटे असतात, ते ट्रॅकच्या कडेला कळायला नको.

हेल्मेट फुल फेस. नवं घ्यायचंच असेल तर स्नेल या हेल्मेट तपासणाऱ्या संस्थेचं एसए मानांकन पाहा. ते मोटारींसाठी असतं, त्यात आगीचीही चाचणी होते. मोटरसायकलच्या एम मानांकनात ती नसते. बूट पातळ तळव्याचे. सुती, पूर्ण बाह्यांचे कपडे. आणि झोप. रात्री दोनला लोणावळ्याला चहा पिऊन पहाटे पोचलेला माणूस अकराच्या उन्हात काय चालवणार?

## टप्पा ७. पहिलं सत्र

ब्रीफिंग ऐका. पिवळा झेंडा: पुढे धोका, वेग कमी, ओव्हरटेक बंद. लाल: सत्र थांबलंय, हळू आत या. निळा: मागे वेगवान गाडी आहे, वाट द्या. लाल-पिवळे पट्टे: रस्ता निसरडा. मार्शल (झेंडे दाखवणारे ट्रॅकचे कर्मचारी) कुठे कुठे उभे आहेत ते पहिल्या फेरीत मोजून घ्या.

बसण्याची जागा: पाठ सीटला टेकलेली असताना मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर पोचलं पाहिजे. ब्रेक पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहावा. हात घड्याळातल्या नऊ आणि तीनवर.

ईएससी (गाडी घसरू लागली की स्वतःहून सावरणारी यंत्रणा) चालू ठेवा. पहिल्या दिवशी ते बंद करण्यात कसलाच मान नाही.

दोन फेऱ्या निव्वळ इंजिन आणि टायर तापवायला. पुढच्या फेऱ्या सत्तर टक्क्यांनी. आणि इतर कुणाचा फेरीचा वेळ विचारू नका.

## टप्पा ८. वळण

नवशिक्याची जवळपास प्रत्येक चूक एकाच जागी होते: वळणात फार वेगाने शिरणं. उरलेल्या त्याचीच पिल्लं.

1. ब्रेक सरळ रेषेत. कडेच्या पाट्यांपैकी एक खूण निवडा. पहिल्या दिवशी १५० मीटरची, शंभरची नको. पहिला दाब दमदार, मग हळूहळू सोडत न्यायचा. आपल्या रस्त्यांची सवय उलट असते. आपण हळू सुरुवात करतो आणि शेवटी कचकन दाबतो. वळणाच्या तोंडाशी तसं दाबलं की वजन पुढे येतं आणि मागची चाकं हलकी होतात.
2. गिअर ब्रेक दाबतानाच उतरवा, वळण सुरू होण्याआधी काम संपलेलं हवं.
3. बाहेरून शिरा, आतल्या कडेला उशिरा टेका, बाहेर निघा. आतली कड लवकर गाठली की बाहेर पडताना रस्ता संपतो.
4. नजर पुढे. आतल्या कडेला पोचायच्या आधीच डोळे बाहेर पडायच्या जागेवर गेलेले हवेत. बॉनेटपुढचं बघणारा उशिराच वळतो.
5. एक्सिलरेटर स्टिअरिंग सरळ होईल तसा. जितकं चाक सरळ, तितका पाय खाली.

पुढची चाकं घसरून गाडी सरळ जायला लागली तर लोक आणखी स्टिअरिंग फिरवतात. त्याने पकड आणखी जाते. स्टिअरिंग किंचित सैल करा, पाय थोडा हलका करा, गाडी पुन्हा धरेल. याउलट, वेगाच्या वळणात घाबरून एक्सिलरेटर एकदम सोडू नका. मागची बाजू तेव्हाच फिरते.

सावधान: चाकं मातीत उतरली तर स्टिअरिंग झटक्याने ट्रॅककडे फिरवू नका. सरळ ठेवून वेग कमी करा, थांबा, मार्शलच्या खुणेनंतर हळू परत या. गाडी फिरलीच तर क्लच आणि ब्रेक दोन्ही पूर्ण दाबून धरा, थांबेपर्यंत.

तीन-चार दमदार फेऱ्या, मग एक हळू. कंपनीच्या ब्रेकना याहून जास्त मागू नका. फोक्सवॅगन-स्कोडांतली एक्सडीएस यंत्रणा वळणात आतल्या पुढच्या चाकाला स्वतःहून ब्रेक लावते, त्यामुळे तुम्ही पाय न लावताही पुढचे पॅड तापत असतात.

## टप्पा ९. दोन सत्रांच्या मध्ये

शेवटची फेरी ब्रेक जवळजवळ न वापरता. पिटमध्ये आलात की हँडब्रेक ओढू नका. तापलेला पॅड डिस्कला तसाच दाबून राहतो आणि डाग सोडतो. पुढच्या वेळी स्टिअरिंग थरथरतं आणि सगळे म्हणतात डिस्क वाकली. ठोकळे लावा, गिअरमध्ये ठेवा. चाकांवर पाणी मारू नका. कूलंटचं झाकण उघडू नका.

मग हा क्रम: टायरची हवा (आत येताच), गाडीखाली काही टपकतंय का, टॉर्चने पॅड, पंधरा मिनिटांनी ऑइलची पातळी, चाकं गार झाल्यावर नट. पहिल्या सत्रानंतर एखादा नट थोडा फिरतोच. इंजिन चालू करून पेडल दाबून बघा, सकाळइतकंच वर आहे ना?

पाणी प्या, तहान लागायच्या आधी. जेवण हलकं. दोन वडापाव खाऊन लगेच हेल्मेट घालणाऱ्याचं काय होतं ते एकदा पाहिलंय, गाडी त्याचीच होती हे नशीब.

दुपारचं शेवटचं सत्र सोडून द्यायला लाजू नका. गाड्या तेव्हाच जास्त ठोकल्या जातात, कारण चालवणारा थकलेला असतो आणि आत्मविश्वास मात्र सकाळपेक्षा वाढलेला.

## टप्पा १०. घरी परत

निघण्याआधी टायर पूर्ण गार होऊ द्या आणि हवा पुन्हा भरा. दिवसभर गरम असताना सोडलेली हवा गार झाल्यावर सव्वीस-सत्तावीसच राहते. त्याच टायरवर चौघं आणि सामान घेऊन एक्सप्रेसवेला ताशी शंभरने निघालात तर टायर फुटण्याची पूर्ण सोय करून ठेवलीत. दिवसभर एवढी काळजी घेतलेले लोक नेमकं हे विसरतात.

स्टेपनी आणि जॅक डिकीत परत. मॅट जागेवर. नट शेवटचे एकदा. पेडल मऊ वाटत असेल तर घाट उतरायचा नाही. तिथेच ब्रेक ऑइलमधली हवा काढा, नाहीतर गाडी उचलून नेणारा फ्लॅटबेड ट्रक बोलवा.

आठवड्याभरात गाडी पुन्हा लिफ्टवर चढवा. पॅड मोजा, टायरच्या आतल्या कडा बघा, कॅलिपरचे रबरी डस्ट बूट वितळलेत का ते बघा. ब्रेक ऑइल पुन्हा बदला, ते एकदा तापून निघालंय. इंजिन ऑइलचं किलोमीटरवर ठरवू नका, दोन ट्रॅक डेनंतर बदला.

वहीत त्याच रात्री लिहा: गार हवा, गरम हवा, पॅड आधी किती मिलिमीटर आणि नंतर किती, ऑइल किती घटलं, पेडल कितव्या फेरीला बदललं. फेरीचा वेळ लिहायचा असेल तर शेवटच्या रकान्यात.